हातभर सरकलेली खुंटी

सर,

तुम्हाला जाऊन यंदा बारा वर्षं होतील. एवढ्या काळात मी तुमच्याविषयी पुष्कळ बोलले. शाळेच्या मैदानावर बोलले, क्रीडा शिक्षकांच्या शिबिरात बोलले, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी बाईंना वरण येईपर्यंत तुमचं अर्धं आयुष्य ऐकवलं. तुमच्याशी मात्र एक गोष्ट बोलायची राहिली. तुम्ही होता तोवर महिन्या-दोन महिन्यांनी आपला फोन व्हायचा. तुमचे गुडघे, माझ्या शाळेतल्या पोरी, वाकलेले भाले, सगळं निघायचं, ती एक गोष्ट सोडून. आज स्पर्धेसाठी मैदान आखून आले आहे. नखांत अजून चुना आहे, आणि चहा ठेवायचा सोडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून उभ्यानंच लिहायला लागले आहे. निवांत बसून लिहीन म्हटलं तर परत पुढच्या वर्षावर जाईल, मी मला ओळखते.

मी आसगावहून कॉलेजात आले तेव्हा आपला भंडारा जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळं झालं, तिकडचे तगडे धावणारे तिकडे गेले, आणि आपल्याकडच्या पोरापोरींत एक छुपी खुशी पसरली की आता पहिला नंबर आपलाच. मीही त्यातलीच. मैदानाच्या कडेला बसून आम्ही आयत्या मिळालेल्या पदकांची वाटणी करत होतो आणि तुम्ही मागे उभे राहून ऐकत होता. पांढरा स्वच्छ सदरा, गळ्यात शिट्टी. शिट्टी तुम्ही क्वचितच वाजवायचे, आवाज तर त्याहून कमी वापरायचे. ‘जिल्हा लहान झाला बेटा,’ तुम्ही म्हणालात, ‘मैदान नाई झालं लहान. पाच हजार मीटर पाच हजारच राह्यते.’ आम्ही माना खाली घातल्या. पुढे तिसऱ्या वर्षी आपलं मैदानही एकदा लहान झालं. ते कोणी केलं, हे सांगण्यासाठीच ही चिट्ठी आहे.

तुमची स्वतःची गोष्ट तुम्ही कधी सलग सांगितली नाही. मी ती तुकड्यांनी गोळा केली, थोडी तुमच्या घरी काकूंकडून, थोडी तुमच्या जुन्या मित्रांकडून. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या शेतमजूर बापाचे तुम्ही धाकटे. दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून, दोन्हीकडे चिखल आणि मध्ये पाऊलभर वाट, अशा ठिकाणी अनवाणी पळायला शिकलात. म्हणून शेवटपर्यंत तुमचं पाऊल सरळ रेघेत पडायचं. मग विद्यापीठाकडून पळालात, राज्याकडून पळालात, आणि त्या जोरावर जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीत पक्की नोकरी लागली. तिथली मंडळी सांगायची की सुट्टी झाली की बाकीचे फॅक्टरीच्या बसमध्ये चढायचे आणि तुम्ही बसच्या मागे पळत निघायचे. खिडकीतून लोक ओरडायचे, ‘या ना बसून, तिकीट नाई लागत.’ तुम्ही हात हलवायचे आणि पळत राहायचे. मग गुडघा गेला. नोकरी जात नव्हती, पण तुम्ही ती सोडून कॉलेजात मुलं पळवायला आलात. केंद्र सरकारची नोकरी सोडतो म्हणजे याचा गुडघा नाही, डोकं दुखावलं आहे, असं सगळा गोतावळा म्हणाला. काकूंनी हे मला हसत हसत सांगितलं होतं, म्हणजे तेव्हा त्या हसल्या नसणार.

पहाटेच्या सरावाआधी तुम्ही विहारात जायचे. आम्ही तीन-चार पोरी पहिल्या बसनं येऊन बाहेरच्या पायरीवर बुटांच्या नाड्या बांधत बसायचो आणि आतून तुमची वंदना ऐकू यायची. आवाज गोड नव्हता, पण एकही शब्द घाईत नसायचा. आमच्या घरी देव वेगळे होते. तुम्ही कधी आम्हाला आत या म्हणाला नाहीत की बाहेर बसता म्हणून रागावला नाहीत. पौर्णिमेला तुमचा उपवास असायचा आणि त्या दिवशीही तुम्ही आमच्याबरोबर शेवटच्या फेरीपर्यंत उभे असायचे. एकदा मी आगाऊपणे विचारलं होतं, सर, शीलं पाच आहेत, त्यातलं सगळ्यात कठीण कोणतं? मला वाटलं होतं तुम्ही प्रवचन द्याल. तुम्ही खरंच विचार केलात आणि म्हणालात, ‘चौथं. खोटं न बोलण्याचं. बाकीच्यात हात लागते, पाय लागते, मानूस सापडते. याच्यात नुसतं गप राह्यलं तरी मोडते, आन कोनाले मालूम नाई पडत.’ मी मान डोलावली. किती सहज डोलावली, सर.

पहिल्याच वर्षीचा तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. बोडीला वळसा घालून दोन फेऱ्या, असा सराव होता. बोडी म्हणजे ते लहानसं तळं, पण चिखलात तिचा वळसा मोठा वाटायचा. दुसऱ्या फेरीत मी बेशरमाच्या झुडपांआडून सरळ कोपरा कापला आणि पहिली येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तुम्ही बोडीच्या पाळीवर, उंच बांधावर होता, सगळं दिसलं होतं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर निघणार. तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, ‘बाई, तू बोडीचा कोपरा खाल्ला. तुझे सत्तर-ऐंशी पावलं राह्यले. तू दमली आहेस, थे मी पळून येतो.’ आणि तो दुखरा गुडघा घेऊन तुम्ही खरोखर गेलात. झुडपांमागून, चिखलातून, माझी राहिलेली पावलं पळून लंगडत परत आलात. कोणीतरी विचारलं, सर काहून गेले तिकडे? तुम्ही म्हणालात, एक काम राह्यलं होतं. मला त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला. एक थप्पड मारली असती तर मी मोकळी झाले असते. त्यानंतर मी कधी रेघ सोडून आत पाऊल ठेवलं नाही, एवढं मात्र खरं.

आता त्या संध्याकाळकडे येते. माझं शेवटचं वर्ष होतं. आपल्या भागातल्या कॉलेजांची विद्यापीठ संघासाठी निवड चाचणी त्या वर्षी आपल्याच मैदानावर ठरली होती. मुलींची पाच हजार मीटर, पात्रतेच्या वेळेच्या आत येईल तिचं नाव संघात. संघातून अखिल भारतीय स्पर्धेत धावलं की हातात प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की पोलिसात नाही तर रेल्वेत खेळाडूंच्या जागा. नाहीतर माझ्यासाठी लाखांदूरकडचं एक स्थळ येऊन बसलेलंच होतं. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू होती, म्हणून पोरं गावी गेलेली आणि शिपाईही रजेवर. मैदान आखायला तुम्ही आणि मी, दोघंच.

तुमची आखायची पद्धत ठरलेली. मैदान लहान, म्हणून दोनशे मीटरचा ट्रॅक. आधी दोन्ही टोकांना वळणाचे मध्य मोजून काढायचे, तिथे लोखंडी खुंटी ठोकायची, खुंटीला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक धरून, चुना सोडत अर्धा गोल फिरायचं. एकानं खुंटीवर पाय रोवून उभं राहायचं, कारण दोर ओढला की खुंटी कलते. सगळं झाल्यावर पूर्ण रेघेवरून टेप लावून परत मोजायचं, तेव्हा कुठे तुमचं समाधान. पहिलं वळण झालं. दुसऱ्या टोकाला तुम्ही खुंटी ठोकलीत आणि चुन्याचं घमेलं आणायला पलीकडे गेलात. मी वळून रस्त्याकडे पाहिलं, बस आली की काय म्हणून, आणि पाय दोरात अडकला. खुंटी उपटून आली. परतीच्या पावसानं जमीन लोण्यासारखी झाली होती, भोक तिथल्या तिथे बुजलं. मी शोधलं, पण दोन-तीनदा पाय पडल्यावर सगळी माती सारखीच दिसायला लागली. मग अंदाजानं एका जागी खुंटी दाबली आणि वर पाय ठेवून उभी राहिले. तुम्हाला हाक मारून सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर पलीकडच्या टोकापासून सगळं परत मोजावं लागलं असतं, अर्धा-पाऊण तास, आणि आसगाववरून जाणारी साडेपाचची लाखांदूरची बस गेली असती. त्यानंतर आसगावला जायला काही नव्हतं. तुम्ही आलात, दोर उचललात, आणि मी काहीच बोलले नाही.

वळण आखून झालं, सरळ रेघा जोडून झाल्या. तुम्ही टेप काढलीत. तेवढ्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. तुम्ही टेप गुंडाळून खिशात टाकलीत आणि म्हणालात, ‘जाय बेटा, पळ. उद्या पळायचं आहे, घरी जाऊन झोप. एक दिवस नाई मोजलं तर काई बिघडत नाई.’ तुमच्या आयुष्यात ते वाक्य तुम्ही तेवढ्या एकदाच बोलला असाल, आणि ते माझ्यासाठी बोललात.

दुसऱ्या दिवशी मी पळाले. पंचवीस फेऱ्या. तुम्ही नेहमीसारखे चिंचोके घेऊन उभे, फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. माझे पाय असे हलके पडत होते की मलाच नवल वाटत होतं. खुंटीची आठवणही नव्हती, शपथेवर सांगते. पात्रतेच्या वेळेपेक्षा तीन सेकंद आधी मी आले. पोरींनी मला उचललं. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, परत पाहिलंत, हसलात. पण ते हसू पूर्ण नव्हतं, आणि ते का पूर्ण नव्हतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तीन वर्षं तुम्ही माझी एकेक फेरी लिहून ठेवली होती. मी एका दिवसात इतकी सुधारणार नाही, हे तुमच्या वहीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. मी मिठाईचा पुडा घेऊन आले तर तुम्ही विहारातून परस्पर मैदानावर, पांढऱ्या कपड्यांतच, गुडघ्यावर बसून टेप लावत होता. शिपाई टेपचं दुसरं टोक धरून होता. पांढऱ्या पँटला मातीचे दोन गोल डाग पडले होते. मला बघून तुम्ही उठलात. ‘बेटा, मैदान लहान निंगालं. तिकडची खुंटी हातभर आत आली. दोन्ही बाजूनं हात-हात, एका फेरीत दोन हात. पंचवीस फेऱ्यात बावीस मीटर.’ बावीस मीटर म्हणजे माझ्या चालीनं पाच सेकंद, तो हिशोब दोघांच्याही डोक्यात एकदमच झाला. मग तुम्ही म्हणालात, ‘माहीच चूक आहे. खुंटी मी ठोकली आन मोजून पाह्यलं नाई.’ त्याच क्षणी मला ती बुजलेली माती दिसली. सर, तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी मिठाईचा पुडा मागे लपवला.

तुम्ही विद्यापीठाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलंत. मैदान आखणीत माझ्याकडून चूक झाली, ही वेळ ग्राह्य धरू नये, चाचणी परत घ्यावी. कोणी तक्रार केली नव्हती, दुसऱ्या कॉलेजच्या सरांना काही कळलंही नव्हतं. स्टाफरूममध्ये तुम्हाला वेड्यात काढलं. ‘चुना तर पावसानं धुवून जाईन,’ कोणीतरी म्हणालं, ‘कोन येते मोजाले?’ तुम्ही म्हणालात, ‘मी मोजलं ना.’ उत्तर आलं की नावं पाठवायची मुदत संपली, परत चाचणी नाही, आणि ती वेळ रद्द. माझं नाव गेलं. मी सगळ्या कॉलेजला सांगत फिरले की सरांनी माझं वाटोळं केलं. मैत्रिणींनी तुम्हाला नावं ठेवली आणि मी ती ठेवू दिली. खरं म्हणजे त्या रागाचा मला आधार होता. तो सुटला असता तर मला माझ्याकडे बघावं लागलं असतं.

आणि मग तुम्ही आमच्या घरी आलात. सायकलवर, तो गुडघा घेऊन, आसगावपर्यंत. बाबा ओसरीवर सुतळी वळत होते. तुम्ही अंगणातच हात जोडलेत. ‘पोरीचं साल माह्या चुकीनं गेलं. माफी मांगाले आलो.’ बाबा गडबडून उठले. ‘सर, तुमी कायले हात जोडून राहिले? पोरगी आहे, पुढच्या साली पळन.’ ‘पुढचं साल नाई आहे तिले,’ तुम्ही म्हणालात, ‘मनूनच आलो.’ मी स्वयंपाकघरात चुलीपाशी होते, सगळं ऐकत होते. आईनं चहा केला आणि कोनाड्यातला तो वेगळा कप काढला, जो आमच्या घरी कोणासाठी ठेवलेला असतो हे तुम्हालाही कळत होतं आणि मलाही. मी तो कप आईच्या हातातून घेऊ शकले असते. तुम्ही चहा प्यायलात, अंगणातल्या रांजणाशी जाऊन कप स्वतः विसळलात आणि ओसरीच्या कडेला उपडा ठेवलात, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. जाताना बाबांना म्हणालात, ‘तिचं लगन येवढ्यात नका करू. बीपीएडले पाठवा. फॉर्म मी आनून देतो.’ मी दाराआडून तुमची सायकल फाट्याकडे जाताना पाहिली. ज्याच्या चुकीची तुम्ही माफी मागून गेलात तो माणूस दाराआड उभा होता.

फॉर्म आला. क्रीडा शिक्षकाच्या त्या कोर्सला प्रवेश झाला. ते स्थळ परत गेलं. मी निघाले त्या दिवशी तुम्ही मला तुमची टेप दिलीत, चामड्याच्या गोल डबीतली, जवाहरनगरच्या दिवसांपासूनची. म्हणालात, ‘मोजून झालं की परत मोजत जा. मी एकदा नाई मोजलं.’ लोकांना वाटतं मी ती टेप जपते म्हणजे गुरूची आठवण जपते. आठवण आहेच. पण दर वर्षी ती डबी उघडताना माझा हात थोडा थांबतो. लाखांदूरच्या या शाळेत मला वीस वर्षं होत आली. पोलिसात गेले असते तर कुठल्या चौकीत असते कोण जाणे. इथं माझ्या पोरी पळतात, दोघी राज्यापर्यंत गेल्या, आणि हे आयुष्य मला मिळालं ते तुम्ही स्वतःवर घेतलेल्या चुकीची भरपाई म्हणून. मला हे आयुष्य आवडतं, सर. म्हणून तर ते इतकं टोचतं.

तुम्ही गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं होतं. विहाराचं अंगण भरलं होतं. कोष्ट्यांची पोरं होती, फॅक्टरीतले म्हातारे होते, जिकडेतिकडे तुमच्याच हाताखालून गेलेली माणसं. मी तीच गोष्ट सांगितली. एका माणसानं कोणी न विचारता स्वतःची चूक कशी लिहून दिली, आपल्याच विद्यार्थिनीची वेळ कशी रद्द करवली. लोकांनी डोळे पुसले. आणि मी ‘सरांची चूक’ हे शब्द तीनदा वापरले, माईकवर, तुमच्या फोटोसमोर. खाली उतरले तर काकूंनी मला जवळ बसवलं. पांढरं लुगडं, हातात माझा हात. म्हणाल्या, ‘बरं केलं वं बाई तू सांगतलं. त्याईले थे लई लागून राहिलं होतं. दवाखान्यात बी म्हनत, सगळं आयुष्य सरळ गेलं, येका पोरीचं तेवढं साल माह्यानं गेलं. मी म्हनो, पोरगी तर मजेत आहे. तं म्हनत, ते माफ करन, पन मैदान तं लहानच होतं ना.’ मी काकूंचा हात धरून बसले होते. अंगणात जेवणाच्या पंगती मांडत होते. मी म्हणाले, काकू, मी वाढायला लागते. आणि उठले.

बोडीजवळची माझी सत्तर-ऐंशी पावलं तुम्ही पळून आलात ती तुम्हाला माहीत होती. हे बावीस मीटर तुम्ही माझ्यासाठी पळलात ते माहीत नसताना, आणि शेवटच्या दिवसापर्यंत पळत राहिलात. खुंटी तुम्ही बरोबर ठोकली होती, सर. ती माझ्या पायानं निघाली आणि माझ्या हातानं चुकीच्या जागी गेली. तुमची चूक काहीच नव्हती, मला बस मिळावी म्हणून तुम्ही टेप खिशात टाकलीत एवढंच. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पण ही चिट्ठी जाणार कुठे? तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही वाचणार नाही, आणि वाचली असती तरी रागावला नसता, म्हणून तर मी तुम्हाला निवडलं. ज्या काकूंना हे ऐकायचा हक्क आहे त्या भंडाऱ्याला लेकीकडे आहेत, कान शाबूत आहेत, आणि अजून दर पौर्णिमेला मनात ते एक साल घेऊन विहारात बसत असतील. इथून सकाळी सातला भंडाऱ्याची बस असते. साडेपाचची बस चुकू नये म्हणून मी तेव्हा गप्प राहिले होते. ही सातची मात्र बारा वर्षं रोज माझ्या दारावरून जाते, आणि मी तिला एकदाही हात दाखवलेला नाही.